चांगला वागतो, तोच

खारूने बाहुलीच्या तोंडावर उशी दाबून धरली होती आणि ती अगदी हळू आवाजात बाहुलीला सांगत होती, "ओरडलीस तर बघ. तुझ्या आईलापण सोडणार नाही."

वाळलेल्या कपड्यांचा ढीग हातात घेऊन तिची आई दारातच थबकली. आवाज पोरीचाच होता, पण त्यातली ढब कुठल्या तरी मोठ्या माणसाची होती. बापाची नव्हे, आजोबांची तर नव्हेच.

"खारू, हे कोण म्हणालं तुला?"

पोर दचकली. उशी जागेवर ठेवली, बाहुलीचा फ्रॉक नीट केला आणि म्हणाली, "कोणी नाही."

खारू सात वर्षांची. तिचं खरं नाव फक्त शाळेच्या हजेरीत होतं. लहानपणी बिस्किट चावून गिळण्याऐवजी गालात साठवून ठेवायची, म्हणून बापाने तिला खार म्हणायला सुरुवात केली, आणि तेच चिकटलं. बडबडी, नाचरी मुलगी. शाळेतून आली की जिने उतरून अंगणात आणि दिवे लागले तरी वर यायचं नाव नाही, अशी तिची ख्याती होती.

ती मुलगी अलीकडे बदलली होती. आईच्या ते हळूहळू लक्षात यायला लागलं. आई चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करायची. दिवसभर बारीक बघायची सवय, त्यामुळे एकदा नजर खिळली की सुटायची नाही. खारू आता जिन्यावरून एकटी जात नव्हती. अंघोळीला बसली की मोरीचं दार उघडं ठेवा म्हणायची. दूध प्यायच्या आधी वास घेऊन बघायची. झोपायच्या आधी स्टूल ओढत नेऊन दाराला टेकवून ठेवायची, आणि का विचारलं तर "असंच" म्हणायची.

मग शाळेतून निरोप आला. वर्गातला एक मुलगा मागून येऊन खारूचे डोळे झाकायला गेला होता, मुलं झाकतात तसे. खारूने हातातली पेन्सिल त्याच्या मनगटात खुपसली होती.

"जखम खोल नाही," वर्गाच्या बाई म्हणाल्या. बाई वयाने मोठ्या, आवाज कधी न चढवणाऱ्या. "पण मला त्या मुलापेक्षा तुमच्या मुलीची काळजी वाटली. ती रागाने नाही मारत हो. भीतीने मारते. घरी काही झालंय का?"

"नाही," आई म्हणाली. आणि घरी येईपर्यंत तिच्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला. काय झालंय?

खारूचे बाबा फ्रिज दुरुस्त करायचे. दिवसभर लोकांच्या स्वयंपाकघरात पालथे पडून काम करायचं आणि संध्याकाळी घरी येऊन पाय पसरायचे. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरं खेळतात गं. आम्ही लहानपणी एकमेकांना फासावर लटकवायचो."

"तिच्या तोंडी एका पुरुषाची वाक्यं आहेत. कुठून आली?"

"शाळेत ऐकली असतील."

"सात वर्षांची पोरं शाळेत असं बोलतात?"

बाबांनी पाय आखडून घेतले. मग त्यांनीच हळूच विचारलं, "आपण नसताना घरी कोण कोण येतं?"

तो प्रश्न एकदा घरात शिरला तो बाहेर जाईना. आई दुकानात भिंग घासता घासता एकेक माणूस डोळ्यांपुढे आणायची. शाळेच्या गाडीचा ड्रायव्हर? त्याच्या गाडीत इतर मुलंही असतात. दूध टाकणारा? तो पहाटेच येऊन जातो. दुपारभर घरात खारू आणि तिचे आजोबा, एवढेच. आजोबा म्हणजे तिचे सासरे. आयुष्यभर छापखान्यात यंत्रावर काढलं, यंत्रांच्या धडधडाटात कान गेले. कानात घालायचं यंत्र आणून दिलं होतं, ते डब्यात पडून असायचं. शांत माणूस. नातीच्या वेणीला रिबीन बांधून देणारा.

एका दुपारी तिच्या मनात त्यांच्याबद्दलही नको ते येऊन गेलं. स्वतःचीच किळस आली तिला. पण आलं ते आलंच. त्या संध्याकाळी सासऱ्यांना चहा देताना ती त्यांच्या हातांकडे बघत राहिली, आणि त्यांनी कप घेऊन नेहमीसारखं हसून मान हलवली तेव्हा तिने नजर चुकवली.

किल्ली सापडली ती रविवारी. आई खिडकीतल्या कुंड्यांना पाणी घालत होती. मोगऱ्याच्या कुंडीतली माती उकरलेली दिसली. बोट घातलं तर आत पितळेची एक जुनी किल्ली.

तिला लगेच कळलं ती कुणाची. इमारतीच्या तळमजल्यावर किल्लीवाले काका राहायचे. पुढे किल्ल्या करायचं छोटं दुकान, मागे खोली. पन्नाशी उलटलेला, एकटा माणूस. बोलणं कमी, पण वागणं अदबीचं. म्हाताऱ्यांच्या पिशव्या वर नेऊन द्यायचे, जिन्यातला दिवा गेला तर न सांगता बदलायचे. कुठल्याच कुलपाला न लागणाऱ्या जुन्या किल्ल्या त्यांच्याकडे डबाभर होत्या. मुलं दुकानापुढे घुटमळली की त्यातली एखादी हातावर ठेवायचे. सगळ्या इमारतीतल्या मुलांकडे त्यांच्या किल्ल्या होत्या.

पण मुलं त्या किल्ल्या गळ्यात घालून मिरवायची. मातीत पुरायची नाहीत.

"खारू, इकडे ये. ही तू पुरलीस?"

मान हलली.

"का?"

"त्यांना परत मिळायला नको म्हणून."

"कुणाला? किल्लीवाल्या काकांना?"

खारूने पुन्हा मान हलवली. आईने पोरीला जवळ ओढून घेतलं.

"ते घरात आले होते का? मी नसताना?"

खारू आईच्या भरून आलेल्या डोळ्यांकडे बघत राहिली. मग मान हलली, हो.

"तुला काही केलं त्यांनी? काही म्हणाले? ओरडू नकोस म्हणाले?"

आईचा आवाज फुटला होता, डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं. खारूने पुन्हा एकदा मान हलवली आणि तीही रडायला लागली.

उरलेलं सगळं आईने स्वतःच्या मनाने जुळवलं. मध्यंतरी आजोबा दार ओढून बाहेर राहिले होते तेव्हा कुलूप याच माणसाने उघडून दिलं होतं आणि नवं बसवलं होतं. एक किल्ली जास्तीची करून ठेवायला त्याला असा कितीसा वेळ लागणार? दुपारी आजोबा झोपलेले, त्यांना ढोल वाजला तरी ऐकू येत नाही. आणि तो माणूस इतका चांगला का वागतो सगळ्यांशी? काही कारण असल्याशिवाय?

नवरा कामावर होता. तो येईपर्यंत तिला दम धरवेना. ती दुसऱ्या मजल्यावर गेली. तिथे एक शिवणवाली राहायची, दिवसभर मशीन चालवता चालवता इमारतीची खबरबात ठेवणारी. एरवी ही बाई "तुमचा टीव्ही दुपारभर नुसता कानठळ्या बसवतो" म्हणून कुरकुर करायची. आज तिने मशीन थांबवलं, तोंडातली टाचणी काढली आणि सगळं ऐकून घेतलं.

"माझ्या मनात तर पहिल्यापासूनच पाल चुकचुकत होती," ती म्हणाली. "ना बायको, ना पोर. कुणाकडे जाणं नाही, येणं नाही. आणि लहान मुलांना किल्ल्या कशाला वाटायच्या हो?"

"अजून कुणाला बोलू नका."

"माझ्या तोंडून? छे!"

दिवे लागायच्या आत इमारतभर झालं होतं.

खारूचे बाबा घरी आले, त्यांनी बायकोच्या तोंडून अर्धं ऐकलं आणि चपला न घालताच खाली गेले. किल्लीवाले काका दिव्याखाली वाकून एक किल्ली घासत होते. बाबांनी त्यांना कॉलर धरून उभं केलं.

"माझ्या घरात कशाला गेला होतास?"

"मी?" काकांना पहिल्यांदा काही कळेचना. "कुलूप बसवायला आलो होतो. तुमच्यासमोर."

"त्यानंतर?"

"त्यानंतर नाही आलो. काय झालंय?"

"माझ्या पोरीला विचार काय झालंय!"

तोवर दुकानापुढे माणसं जमली होती. काकांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं. ज्यांच्या पिशव्या त्यांनी वर नेल्या होत्या ते होते, ज्यांची दारं उघडून दिली होती ते होते. कुणी पुढे आलं नाही. इमारतीचे सेक्रेटरी मध्ये पडले, बाबांचा हात सोडवला आणि म्हणाले, उद्या रीतसर पोलिसांत जाऊ, आता तमाशा नको. काकांचा सदरा खांद्यापाशी उसवला होता. तो सावरत ते आत गेले आणि त्यांनी शटर ओढून घेतलं. त्याच संध्याकाळी पलीकडच्या रस्त्यावरून दुसऱ्या कुलूपवाल्याला बोलावलं गेलं. बऱ्याच दारांची कुलपं बदलली.

"एवढा भला माणूस वाटायचा," जिन्यात कुणीतरी म्हणालं.

"म्हणूनच," दुसरं कुणीतरी म्हणालं.

दुसऱ्या दिवशी खारूला शाळेत पाठवलं नाही. आई सकाळी रजा मागायला दुकानात गेली. जाताना तिने सासऱ्यांच्या कानाशी ओरडून आणि हातवारे करून सांगितलं, "आतून कडी लावा. कोणीही आलं तरी उघडायचं नाही." खारूलाही बजावलं. दुकानात गर्दी निघाली, मालक लवकर सोडेना. ती परतली तेव्हा दुपार झाली होती. नवरा थेट पोलीस ठाण्यावर येणार होता. खारूला घ्यायचं आणि निघायचं.

ती तिसऱ्या मजल्यावर पोचली.

दारातून पुरुषाचा आवाज येत होता. "ओरडलीस तर बघ! तुझ्या आईलापण सोडणार नाही!" आणि पाठोपाठ एका मुलीची किंकाळी.

आई दारावर धावली. कडी आतून होती. तिने दोन्ही हातांनी दार बडवलं, लाथा घातल्या. "खारू! खारू! दार उघड!" खालून शिवणवाली कात्री हातात घेऊन धापा टाकत वर आली. आणखी दोघं तिघं आले. आत तो माणूस ओरडतच होता.

मग दाराच्या पलीकडून, अगदी खालून, खारूचा बारीक आवाज आला.

"कोण आहे?"

"मी आहे! आई! उघड लवकर!"

"कशावरून?"

"काय कशावरून? खारू, मी आई आहे!"

"आवाज काढता येतो," खारू म्हणाली. "परवाच्यात काढला होता आईचा आवाज. त्या मुलीने उघडलं आणि मग तिला नेलं."

आईने दार बडवायचं थांबवलं.

"परवाच्यात म्हणजे?"

"मालिकेत."

आत जोरात संगीत वाजलं आणि एका बाईचा गोड आवाज कपडे धुवायच्या पावडरीचं कौतुक करायला लागला. आई दाराला टेकून तिथेच खाली बसली.

"खारू," ती शक्य तेवढ्या शांतपणे म्हणाली, "तुझ्या पाठीवर, उजवीकडे, एक तीळ आहे. दिसायला तिळाएवढा, पण तू त्याला मुंगळा म्हणतेस. हे आपल्या दोघींनाच ठाऊक आहे ना?"

मग स्टूल सरकवल्याचा आवाज आला आणि कडी निघाली.

आजोबा खुर्चीत हनुवटी छातीवर टेकवून गाढ झोपले होते. समोर टीव्ही पूर्ण आवाजात चालू होता. सोफ्याच्या मागे, भिंतीलगत, खारूची उशी आणि बाहुली होती, आणि चादरीची छोटी गुहा केलेली होती. आईने टीव्ही बंद केला. घरात इतकी शांतता झाली की आजोबाच दचकून जागे झाले.

"रोज बघतेस हे?"

"दुपारी असतं. एक झालं की दुसरं असतं. आजोबा झोपतात."

"भीती वाटते ना तुला? मग बंद का नाही करत?"

"मग त्याला पकडलं की नाही ते कसं कळणार?" खारू म्हणाली. "कधी कधी पकडायच्या आधीच आजोबा उठतात आणि बातम्या लावतात. मग तो सुटलेलाच राहतो."

आईने तिला मांडीवर घेतलं. जे विचारायचं होतं ते विचारायला तिची जीभ रेटत नव्हती.

"खारू, किल्लीवाले काका खरंच घरात आले होते?"

"नाही."

"कधीच नाही?"

"कुलूप बसवायला आले होते तेव्हा. पण ते येणार होते ना. म्हणून मी किल्ली पुरली."

"येणार होते हे तुला कुणी सांगितलं?"

"ते सगळ्यांशी चांगलं वागतात ना? जो चांगला वागतो, तोच असतो शेवटी. तूच म्हणतेस."

आई आणि बाबा रोज जेवणं झाल्यावर गुन्ह्यांची एक मालिका बघायचे. खुनी कोण ते ओळखायची त्यांची पैज लागायची आणि बहुतेक वेळा आईच जिंकायची. "बघा, हा जो फार चांगला वागतोय ना, तोच," असं ती हसत हसत म्हणायची. खारू आतल्या खोलीत झोपली आहे असं धरूनच.

"मग मी विचारलं तेव्हा मान का हलवलीस?"

"तू रडायला लागली होतीस," खारू म्हणाली. "मला वाटलं, हो म्हटलं की थांबशील."

शिवणवाली दारात उभी राहून हे सगळं ऐकत होती. ती कात्री पदराखाली घेऊन खाली गेली.

आईने नवऱ्याला फोन केला, पोलीस ठाण्यात जाऊ नका म्हणून सांगितलं, आणि तशीच तळमजल्यावर गेली. शटर गुडघ्यापर्यंत उघडं होतं. तिने वाकून हाक मारली. काकांनी शटर वर केलं नाही. आतूनच म्हणाले, "बोला."

ती बोलली. टीव्हीचं, बाहुलीचं, किल्लीचं, सगळं. शेवटी म्हणाली, "आमची चूक झाली. माझी झाली. मीच तिच्या तोंडी घातलं."

आत किल्ल्यांचा हलका आवाज झाला.

"काल सगळ्यांपुढे झालं," काका म्हणाले. "आणि आज तुम्ही शटरखाली वाकून एकट्याला सांगताय."

तिच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. पण त्यात खोटं काहीच नव्हतं.

त्या संध्याकाळी ती आणि खारूचे बाबा इमारतीतल्या प्रत्येक दारी गेले. बाबा घरातून निघायला तयार नव्हते. "लोक विसरतील आपोआप," म्हणत होते. "कॉलर तुम्ही धरली होतीत," ती म्हणाली, तेव्हा निघाले. प्रत्येक दारात तेच सांगायचं होतं, की ते काहीच झालं नव्हतं, आम्ही चुकीचा आळ घेतला. काही जणांनी ऐकून घेतलं. काही जणांना आता दुसरंच काही ऐकायचं नव्हतं. "असू दे हो, सावध राहिलेलं बरं," सेक्रेटरी म्हणाले, आणि नव्या कुलपावरून हात फिरवला. शिवणवालीने तर स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. तरीही ती म्हणाली, "तुमचं खरं असेल वहिनी, पण आग असल्याशिवाय धूर निघत नाही."

"धूर मी केला होता," खारूची आई म्हणाली. "तुम्ही वारा घातलात."

त्यानंतर शिवणवाली महिनाभर बोलली नाही.

घरात बाबांनी टीव्हीची वायरच उपटली आणि कपाटावर ठेवून दिली. आजोबांना कुणी काही बोललं नाही, पण त्यांना सगळं कळलं. खुर्ची उचलून ते खिडकीपाशी जाऊन बसले, शिक्षा झालेल्या मुलासारखे. दोन दिवसांनी सुनेला म्हणाले, "मला ऐकू येत नव्हतं गं. चित्रं नुसती. मला वाटायचं घरगुती भांडणं चाललीयत."

"कानाचं यंत्र का घालत नाही?"

"घातलं की सगळंच ऐकू येतं," आजोबा म्हणाले. आणि मग स्वतःच हसले. तीही हसली. त्या कपाचा प्रसंग तिला आठवला आणि तिला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण का ते सांगता आलं नसतं, म्हणून तिने यंत्राचे सेल तेवढे बदलून आणले.

टीव्ही बंद झाला तरी खारूची भीती गेली नाही. उलट वाढली. आता मालिका तिच्या डोक्यात चालायची आणि तिला शेवटच नव्हता. स्टूल रोज दाराशी जायचं. आई पुन्हा शाळेत गेली आणि तिने बाईंना सगळं खरं सांगितलं.

बाई म्हणाल्या, "बंद केलंत ते बरंच केलंत. पण जे पोटात गेलंय ते तसंच आहे. ते बाहेर यायला हवं. तिला बोलू द्या. काय काय पाहिलं ते सांगू द्या. आणि मध्येच 'असं काही नसतं' म्हणू नका. आधी पूर्ण ऐका."

"ऐकवत नाही हो."

"तिने ते एकटीने पाहिलंय," बाई म्हणाल्या.

मग रोज संध्याकाळी, जेवणाआधी, आई आणि खारू सोफ्यावर बसायच्या. जे सोफ्याच्या मागून पाहिलं होतं ते खारू सोफ्यावर बसून सांगायची. विहीर, दोरी, पोतं, औषध घातलेलं दूध. आई ऐकायची. कधी कधी तिच्या अंगावर काटा यायचा, तरी ऐकायची. एकदा बाबाही येऊन बसले आणि म्हणाले, "पण मग ती मुलगी, जिला नेलं, ती संध्याकाळी घरी जाऊन काय करत असेल?"

"कुठल्या घरी?"

"तिच्या. ती नटी आहे ना. तोंडावरचा रंग धुतला, आईने विचारलं अभ्यास झाला का, आणि ही म्हणाली आज मला चार वेळा पळवलं, मी दमलेय."

खारू म्हणाली, "आणि पळवणारा?"

"त्याला बायकोने भाजी आणायला पिटाळलं."

"आणि पिशवी विसरला," खिडकीपाशी बसलेले आजोबा म्हणाले. त्यांच्या कानात यंत्र होतं.

खारू खुदकन हसली. खूप दिवसांनी. पण पुढच्या क्षणी गंभीर होऊन म्हणाली, "पण काही माणसं खरीच वाईट असतात ना?"

आईच म्हणाली, "असतात. थोडी असतात. तसं काही वाटलं तर आम्हाला सांगायचं. आम्ही नीट विचारू. रडणार नाही."

वायर पुढे परत जोडली गेली. आजोबांना बातम्या हव्या होत्या आणि म्हाताऱ्या माणसाला दिवसभर भिंतीकडे बघायला लावणं बरं नव्हतं. दुपारी खारू घरात असेपर्यंत टीव्ही बंद, असं ठरलं. आजोबा कागद कापून तिला छोटी पुस्तकं शिवायला शिकवायला लागले. रात्रीची मालिका आईबाबांनी सोडली. "मग आता आपण बघायचं काय? हवामान?" बाबांनी कुरकुर केली. थोडे दिवस खरंच त्यांनी हवामान बघितलं.

किल्लीवाले काका इमारत सोडून गेले नाहीत. खोली त्यांच्या मालकीची होती, जाणार कुठे? दुकान पुन्हा उघडलं, पण इमारतीतली माणसं किल्ल्या करायला पलीकडच्या रस्त्यावर जायची. त्यांच्यापुढून मान खाली घालून जायची, आणि काकाही वर बघायचे नाहीत. जिन्यातला दिवा गेला तेव्हा आठवडाभर अंधार राहिला. मुलांना किल्ल्या द्यायचं त्यांनी बंद केलं. डबा मागच्या खोलीत गेला.

एकदा खारूची आई दुकानापुढे थांबली. घरच्या दाराची एक किल्ली करून हवी होती. खरं तर नको होती. काकांनी किल्ली घेतली, यंत्र सुरू केलं, घासून दिली आणि ठरलेले पैसे घेतले. ती निघाली तेव्हा म्हणाले, "लेकरावर माझा राग नाही."

"आणि माझ्यावर?"

"आहे," काका म्हणाले. "राहील थोडे दिवस."

तिने मान हलवली आणि वर गेली.

शाळेचं नवं वर्ष सुरू झालं तसा शाळेच्या गाडीवर नवा ड्रायव्हर आला. तरुण, हसतमुख. पहिल्याच दिवशी त्याने खारूचं दप्तर स्वतः उचलून आत ठेवलं आणि तिला पुढच्या सीटवर बसवलं. आईने ते खिडकीतून पाहिलं. दिवसभर दुकानात तिचं लक्ष लागलं नाही. संध्याकाळी तिने विचारलं, "नवे काका कसे आहेत?" पुढचे सगळे प्रश्न तिच्या ओठांवर आले होते. ते तिने दातांखाली दाबून धरले आणि वाट बघितली.

"गाणी म्हणतात," खारू म्हणाली. "पण काय बेसूर! आम्ही सगळे कान झाकतो."

"पुढे का बसवलं तुला?"

"मला मागे उलटी होते ना. बाईंनी सांगितलंय त्यांना."

दुसऱ्या दिवशी आई खिडकीत उभी राहिली नाही. ती गाडीपर्यंत खाली गेली, ड्रायव्हरला त्याचं गाव विचारलं, आधी कुठली गाडी चालवत होता ते विचारलं, आपला फोन नंबर दिला. तो सगळ्याची नीट उत्तरं देत होता. फार नीट देतोय, असं एकदा तिच्या मनात येऊन गेलं. तिने दप्तर त्याच्या हातात दिलं, खारूला टाटा केलं, आणि गाडी वळेपर्यंत ती फाटकाशीच उभी राहिली.